भिंतीकडची रांग

विषय : मला रुग्णालयातून डिस्चार्ज मिळण्याबाबत.
संदर्भ : याच विषयावरील माझा अर्ज व त्यानंतरची स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयास अनुसरून नमूद करतो की, मी घरीच आहे. बजाजनगरातल्या या दोन खोल्यांत मी एकटा राहतो. सकाळी दूध मीच आणतो आणि पेपर वाचून देशाची काळजीही मीच करतो. परंतु ज्या धर्मादाय रुग्णालयाच्या आस्थापना शाखेत मी उभी हयात नोकरी केली, त्याच्या दप्तरी मी आजही दीर्घ मुक्कामाच्या वॉर्डात, भिंतीकडच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खाटेवर पडून आहे. हे कसं झालं ते सांगतो. बसा. मात्र दुपार व्हायच्या आत संपवायला हवं. तुम्हाला उशीर होईल म्हणून नव्हे, माझ्यासाठी.

मोतीराम माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. आवक-जावक त्याच्याकडे, आस्थापना माझ्याकडे. तो गेला तेव्हा त्याची मुलगी विशाखा नर्सिंग शिकत होती. पुढे ती आमच्याच रुग्णालयात लागली, काही वर्षं राबली आणि मग शैक्षणिक रजा घेऊन एम. एस्सी. नर्सिंगला गेली. त्या शिक्षणात एक प्रोजेक्ट करावा लागतो, तोही खऱ्या वॉर्डात, खऱ्या रुग्णांवर. तिने आमचाच वॉर्ड निवडला, कारण परवानगीची फाईल कुठल्या टेबलावर झोपते आणि तिला कसं उठवायचं, हे सांगणारा निवृत्त काका तिला फुकट उपलब्ध होता.

विषय चांगला होता. अर्धांगवायूने किंवा मणक्याला मार लागून पडून राहिलेल्या माणसाला स्वतः कूस बदलता येत नाही. त्याला दुसऱ्याने वेळोवेळी वळवावं लागतं. नाही वळवलं तर पाठीला, कमरेला, टाचांना जखमा होतात आणि त्या हाडापर्यंत जातात. विशाखाची पद्धत अशी : ठरल्या वेळी कुशीवर करायचं, पाठीला उशी लावायची, दोन्ही गुडघ्यांमध्ये घडी घातलेला टॉवेल ठेवायचा, टाचांखाली गुंडाळी सारून त्या गादीपासून अधांतरी ठेवायच्या. हे सगळं खिडकीकडच्या रांगेला. भिंतीकडच्या रांगेला मात्र ‘नेहमीची शुश्रूषा’. शेवटी दोन्ही रांगांच्या पाठी तपासायच्या आणि फरक दाखवायचा.

“भिंतीकडच्यांना कोण वळवणार?” मी विचारलं.

“नातेवाईक आले तर ते. नाहीतर...”

“नाहीतर?”

“काका, तुलनेला कुणीतरी लागतंच,” ती म्हणाली आणि चहाच्या कपात बघत राहिली.

एथिक्स कमिटीने रीतसर मंजुरी दिलेली होती. कमिटीपुढे ‘नेहमीची शुश्रूषा’ हे शब्द गेले होते, वॉर्ड गेला नव्हता. वॉर्डातली नेहमीची शुश्रूषा म्हणजे काय, हे तिथे काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माणसं कमी, खाटा भरलेल्या. ज्याला घरचं माणूस नाही, तो सकाळी जसा पडलेला असायचा तसाच संध्याकाळी.

विशाखाला ते सोसेना. नोंदी घ्यायला रोज भिंतीकडच्या रांगेसमोर उभं राहायचं, समोरचा माणूस डोळ्यांनी विनवतोय, आणि आपण हात मागे बांधून उभं. “हात शिवशिवतात हो काका,” ती एकदा म्हणाली. “वळवलं तर प्रोजेक्ट जातो. नाही वळवलं तर झोप जाते.” मी तिला नियम पाळायला सांगितलं. मी दुसरं काय सांगणार? नियमांवरच माझं पेन्शन चालू आहे.

पुढे निकाल यायला लागले आणि घोटाळा झाला. खिडकीकडच्यांच्या पाठी बऱ्या होत्या. भिंतीकडच्यांच्या त्याहून चांगल्या निघाल्या. लाली नाही, सोलपटणं नाही, न्हाऊ घातलेल्या बाळासारख्या पाठी. काहीच न करणं हाच सर्वोत्तम उपचार, असं त्या प्रोजेक्टवरून सिद्ध होत होतं. हा निष्कर्ष सरकारी खात्यांना आवडला असता, पण विशाखाच्या गाईड राजनंदिनी मॅडमना आवडला नाही.

“एक तर तू चोरून दोन्हीकडच्यांना वळवतेस,” त्या म्हणाल्या, “नाहीतर घरी बसून आकडे लिहितेस. कुठलंही खरं असलं तरी मी सही करणार नाही.”

म्हणजे शिक्षण वाया आणि वर आकडे बनवल्याचा शिक्का. नर्सच्या नावाला तो डाग लागला की पुढे कुठल्याही वॉर्डात तिने ताप मोजला, तरी लोक थर्मामीटर पुन्हा बघतात. विशाखा त्या दिवशी माझ्याकडे येऊन रडली नाही, हे मला जास्त लागलं. ती म्हणाली, “काका, तुम्ही चौकशा केल्यात ना? ही एक करा. कोण वळवतंय त्यांना?”

चौकशा मी केल्या होत्या खऱ्या. ब्लँकेटं, बादल्या, एकदा तर आख्खी लोखंडी खाट. सापडलेल्या वस्तू कमी, पण संशय घ्यायचा सराव भरपूर. एक प्रकरण तर त्याच वॉर्डातलं होतं. भिंतीकडच्या रांगेवरचे पंखे दुरुस्तीला म्हणून उतरवले, ते परत आलेच नाहीत. ती फाईल मी निवृत्त होताना सुयशच्या हवाली केली. सुयश म्हणजे माझ्या खुर्चीवर आलेला मुलगा. हुशार आहे. त्याने ती उघडलेली नाही.

पहिला संशय अर्थातच विशाखावर. मोतीरामची मुलगी असली म्हणून काय झालं? चार दुपारी मी वॉर्डाच्या दाराशी पेपर घेऊन बसलो. तिने भिंतीकडच्या कुणाला बोट लावलं नाही. मात्र जेवणं उरकून पडदे ओढले, की तासाभरात ती रांग वळलेली असायची. सगळ्यांची तोंडं दाराकडे, पाठीला उशा, गुडघ्यांत टॉवेल. वळताना मी बघितलं नाही. दर वेळी पेपरचं पान उलटायला मान खाली गेली, तेवढ्यात झालेलं असायचं.

मग वॉर्डातल्या भागूबाईला गाठलं. फरशी, बेडपॅन, पडदे हे सगळं तिच्याकडे.

“तूच वळवतेस ना त्यांना? खरं सांग.”

“मी?” तिने फडकं पिळलं. “साहेब, मला घरी सोताच्या कुशीवर वळायला टाइम नाय. पगारात तेवढं वळवणं बसत बी नाय.”

“मग कोण?”

“त्यांचं बघणारं कुणी हाय, म्हंजे हाय. तुमाला काय तरास व्हतोय?”

“आणि तू दुपारी त्या बाजूची फरशी का पुसत नाहीस?”

तिने खिडकीकडची अर्धी बाजू पुसली होती. भिंतीकडची कोरडी होती. “तिकडं सकाळी पुसती मी,” ती म्हणाली. “दुपारी जागा मोकळी ठिवावी मानसानं.”

साक्षीदार म्हणून उरला सांडूबा. देवगाव रंगारीचा, ट्रॅक्टरवरून पडून कमरेखाली लुळा झालेला, पण तोंड शाबूत. त्याच्या डाव्या बाजूची कोपऱ्यातली खाट तेवढी रिकामी होती.

“सांडूबा, दुपारी तुम्हाला कोण वळवतं?”

“हात लई हळू हाय, साहेब. माझ्या मायचा बी नव्हता तसा.”

“कुणाचा हात?”

“आता ते कसं सांगावं? तुमी इच्चार करा ना जरा. मानसाला कुशीवर केलं, की करणारा ऱ्हातो मागं. पाठीला उशी लावायची तर मागूनच लावणार. तोंड दाराकडं, आन् ते पाठीमागं... कुणाला दिसंल व्हय?”

“मान वळवून बघितलं नाही कधी?”

सांडूबा हसला. हसू जरा उशिरा आलं आणि लवकर गेलं. “वळवू देत नाय,” तो हळूच म्हणाला.

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मी माझा हातखंडा प्रयोग केला. कपाट सील करतात तसं करायचं ठरवलं. सांडूबाच्या संमतीने त्याच्या छातीवरून, खाटेच्या एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत कागदाची पट्टी ओढली, दोन्ही टोकं डिंकाने चिकटवली आणि मधोमध सही ठोकली. “साहेब, जप्ती आली का माझ्यावर?” तो म्हणाला. पट्टी न फाडता त्याला वळवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

दुपार ओसरल्यावर बघितलं, सांडूबा कुशीवर, पाठीला उशी. पट्टी शाबूत. सही माझीच.

आता तुम्ही विचाराल, त्या वॉर्डात पूर्वी एखादी नर्स मेली होती का? मीही तपासलं. आमच्याकडच्या सगळ्या नर्सेस निवृत्तीनंतर, पेन्शनची प्रकरणं मार्गी लागल्यावर, आपापल्या घरी वारल्या. कुणाचं काही येणं उरलं नव्हतं, कुणाची तक्रार नव्हती. भूत होण्यासारखी एकही फाईल सापडली नाही.

तेव्हा मी ठरवलं, की हे फक्त खाटेवरूनच धरता येईल. कोपऱ्यातली खाट रिकामी होतीच. मी तिच्यावर झोपणार आणि विशाखा दाराजवळच्या टेबलाशी माझ्याकडे तोंड करून बसणार. माझ्या मागे जे येईल ते तिला समोरून दिसेल. मग राजनंदिनी मॅडमपुढे दोन साक्षी.

“पण काका, धडधाकट माणूस रुग्णाच्या खाटेवर कुणी बघितला, तर माझ्यावरच आणखी एक मेमो.”

खरं होतं ते. आणि इथेच मी ती गोष्ट केली, जी फक्त माझ्यासारखा माणूस करील. मी रीतसर भरती झालो. तक्रार, पाठदुखी. कारण, निरीक्षण. भरती-डिस्चार्जच्या नोंदीही आता सुयशकडेच होत्या. त्याने काँप्युटरवर सगळं भरलं आणि विचारलं, “काका, कुणाच्या देखरेखीखाली म्हणून लिहू? डॉक्टर कोण?”

कुठल्या डॉक्टरला यात ओढायचं? “तो रकाना राहू दे कोरा,” मी म्हणालो. “नंतर भरू.”

जेवणं झाली. नातेवाईक बाहेर गेले. भागूबाईने पडदे ओढले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बादली उचलून निघून गेली. फिनेलचा वास होता, त्याच्याखाली वरणाचा, आणि त्याच्याखाली त्या वॉर्डाचा स्वतःचा, आजारी कापडाचा. पलीकडे खिडकीकडचे पंखे टकटक करत होते. आमच्या बाजूला हवा हलत नव्हती. मी पाठीवर पडलो होतो. उजवीकडे सांडूबा, डावीकडे भिंतीचा कोपरा. खाट आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढी फट. तिथून यायला मांजरालासुद्धा तिरकं व्हावं लागलं असतं.

दूर कुठल्यातरी कंपनीचा भोंगा वाजला आणि थांबला. तो थांबल्यावर लक्षात आलं, की पंख्यांची टकटकही ऐकू येत नाहीये.

मी जागा होतो. एवढं माझ्या जबाबात नक्की धरा.

आधी वास आला, टाल्कम पावडरीचा आणि स्पिरिटचा. मग टाचांखाली काहीतरी सरकलं. ऊनही नाही, गारही नाही. खांद्याखाली एक हात आला. कमरेखाली एक. इथपर्यंत ठीक होतं. मग गुडघ्यांखाली एक. मानेला आधार द्यायला एक. तोवर मी चौकशी करत होतो. पण त्यानंतरही हात येतच राहिले... आणि मी मोजणं सोडून दिलं.

ओरडता आलं असतं बहुतेक. ओरडावंसं वाटलं नाही. बायको गेल्यापासून मला कुणी इतकं सांभाळून हात लावला नव्हता. मी उचलला गेलो, वळलो, टेकलो. पाठीला उशी लागली. गुडघ्यांमध्ये टॉवेल आला, कडा सारख्या केलेला. मी मागे बघायला मान वळवली. गालावर बोटं टेकली, आणि घास नको म्हणणाऱ्या पोराचं तोंड वळवावं तसं माझं तोंड पुढे फिरवलं.

समोर सांडूबाची पाठ होती. त्याच्यामागे कुणी नव्हतं. साहजिकच आहे. ते माझ्यामागे होतं.

त्याच्या पलीकडे टेबलाशी विशाखा. ती माझ्याकडे बघत होती. मग तिची नजर माझ्यावरून वर गेली. माणसाच्या उंचीला थांबेल असं वाटलं. थांबली नाही. वर... आणखी वर... छताला लागली. आणि छताला लागून ती पुढे सरकायला लागली, सांडूबावरून, त्याच्या पुढच्या खाटेवरून, त्याच्याही पुढच्या, हळूहळू, टेबलाच्या दिशेने, तिच्या स्वतःच्या डोक्यावर येईपर्यंत. तिथे ती थांबली. तिची मान मागे कलली होती आणि ओठ हलत होते. कुणाचं तरी ऐकून हो म्हणावं, तसे.

पंख्यांची टकटक परत सुरू झाली. विशाखा उठून आली. चालणं सरळ होतं, पण हात पदरासारखा ॲप्रन धरून होते.

“काका, उठा.”

“कोण होतं?”

“कुणी नव्हतं.”

“तू वर काय बघत होतीस?”

“पंखा.”

“या बाजूला पंखे नाहीत, विशाखा. फाईल माझ्याकडे होती.”

“उठा म्हणते ना... आधी उठा.”

सांडूबा आमच्याकडे पाठ करून पडल्या पडल्या म्हणाला, “घावला का चोर, साहेब?”

त्या दिवसापासून विशाखाने भिंतीकडच्यांना वळवायला सुरुवात केली. उघडपणे, नोंद करून. राजनंदिनी मॅडमना जाऊन तिने सांगितलं, की तुलनेची रांग मला नको, दोन्ही रांगांना वळवते, आधीची आणि नंतरची परिस्थिती मांडते, नापास करायचं तर करा. आधीचे आकडे? ते जसे आले तसे जोडते, कारण देता येत नाही असं लिहून. मॅडमनी सही केली म्हणे. आकडे बनवणारं माणूस असं लिहीत नाही, एवढं त्यांना कळलं असावं. विशाखा पास झाली. आता नाशिककडे एका कॉलेजात शिकवते.

वॉर्डातला प्रकार थांबला. भिंतीकडच्या पाठी इतर पाठींसारख्या झाल्या, बऱ्यापैकी. सांडूबा घरी जाताना तिला म्हणाला, “पोरी, तुझा हात चांगला हाय. पण तसा नाय.”

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. मीही तसंच समजून घरी आलो होतो. त्या दुपारी खाटेवरून उठलो, चपला घातल्या आणि सरळ रिक्षा पकडली. डिस्चार्ज घ्यायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मी आजारीच नव्हतो.

विशाखाचा फोन येतो अधूनमधून. सुरुवातीला तब्येत विचारायच्या आधी ती विचारायची, “काका, डिस्चार्ज घेतला का?” मी म्हणायचो, “घेऊ गं, औपचारिकता आहे.” मोतीरामची मुलगी औपचारिकतेचा एवढा आग्रह धरते, याचं मला कौतुक वाटायचं.

मी जन्मभर पाठीवर झोपत आलोय. महिन्यापूर्वी दुपारच्या झोपेतून जागा झालो तो कुशीवर होतो. तोंड दाराकडे. पाठीला उशी. म्हटलं, वय झालं. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांमध्ये टॉवेल होता, घडी घातलेला, कडा सारख्या केलेला. घरकाम करणाऱ्या बाईवर संशय घेतला. ती सुट्टीवर गेली तरी टॉवेल होता. दाराला कडी लावली, पलंगाला कागदाची पट्टी ओढून सही केली. काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. खुर्चीत झोपून बघितलं. जागा झालो तो पलंगावर.

मी विशाखाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “काका, त्या रांगेतल्या सगळ्यांना मी माझ्याकडे घेतलं. एकेकाचं नाव घेऊन सांगितलं, हे माझे, मी बघते यांचं. तुम्ही... तुम्ही तर घरी गेला होतात, तुमचं नाव घेतलं नाही. मला वाटलं, सुटलात.”

“कुणाला सांगितलंस?”

तिच्याकडे कुठेतरी पंखा फिरत होता, तेवढा ऐकू येत राहिला.

मध्यंतरी डॉक्टरांकडे गेलो. पाय जड वाटतात म्हणून. त्यांनी तपासून सांगितलं, विशेष काही दिसत नाही. वर म्हणाले, “काका, या वयात एवढी सुरेख पाठ मी पाहिली नाही.” पाय मात्र दुपारी जड होतात हे खरं आहे. आधी पावलं, मग गुडघे. आता कमरेपर्यंत. जेवण झालं की मी पलंगावर पडतो, आणि मला वळवलं जाईपर्यंत हलता येत नाही. वळवल्यावर येतं. अजून तरी येतं.

बघा, पडद्याशी ऊन आलं. तुम्ही आता निघा. जाताना दार ओढून घ्या, आणि माझ्या मागे बघू नका.

अर्जाची सद्यस्थिती अशी. सुयश म्हणतो, डिस्चार्जवर ज्यांच्या देखरेखीखाली भरती झालात त्यांचीच सही लागते, आणि तो रकाना कोरा आहे. नवीन नाव आता भरता येत नाही, काँप्युटर घेत नाही. त्याने प्रकरण मार्गदर्शनासाठी वर पाठवलं आहे. वरचे साहेब रजेवर आहेत. अर्ज प्रलंबित आहे.